मांडवात वाजलेलं मयताचं गाणं

जेन्सनचे वरचे पुढचे चार दात खोटे आहेत, आणि ही गोष्ट तो कोणाशीही ओळख झाली की दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकतो. पहिल्या वाक्यात फक्त नाव असतं. समोरचा माणूस "बरं वाटलं भेटून" म्हणेपर्यंत ते दात कुठल्या खड्ड्यात गेले, आणि स्कूटर, ट्रम्पेट व जेन्सन असे तिघे एकदम पडूनही नुकसान एकट्या जेन्सनचंच कसं झालं, हे सगळं त्याच्या कानावर घालून झालेलं असतं. "त्या रस्त्याला माझे दात बसलेत," तो म्हणतो, "म्हणून तर तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला चावतो."

वय त्रेपन्न. होळी नावाच्या नाक्याच्या पलीकडे घर आणि घरामागे केळीची लहानशी वाडी. सकाळी बाजारात केळी आणि पालेभाजी घेऊन बसायचं, दुपारी वाडीला पाणी लावायचं, आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचा. बाजारातल्या बायकांना तो फार आवडतो. पाचूबंदरहून येणारी मीरा नावाची मासळीवाली तर त्याच्या शेजारीच टोपली मांडते आणि दिवसातून एकदा तरी त्याला विचारते, की जेन्सन, तू लग्न का नाही केलंस. तो प्रत्येक वेळी नवं उत्तर शोधल्यासारखा डोकं खाजवतो आणि तेच उत्तर देतो: ट्रम्पेट वाजवत होतो तेव्हा मला वेळ नव्हता, आणि ड्रम वाजवायला लागलो तेव्हा कोणी विचारलं नाही. मीरा पदराने तोंड झाकून हसते आणि दोन बोंबील त्याच्या पिशवीत टाकते. मग तो तिला सांगतो की तुझ्या हसण्यावर मी भाळलोय, पण घाबरू नकोस, माझ्यासारख्या माणसाने भाळणं म्हणजे पाव चहात भिजणं, कोणाला काही त्रास नाही. ती आणखी हसते. आणि बाजार उठला की जेन्सन ते बोंबील घेऊन एकटा घरी जातो, एकट्यापुरते तळतो आणि एकटा जेवतो.

स्वतःवर हसायला तो जन्मापासून शिकून आला नव्हता. उलट तरुणपणी त्याच्याइतका नाकाने कांदे सोलणारा माणूस त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत माझ्यासारखा ट्रम्पेट वाजवणारा दाखवा, असं तो सांगत फिरायचा, आणि वाईट म्हणजे ते बऱ्यापैकी खरं होतं. बँडमधली बाकीची मंडळी ट्रम्पेटला चिमट्याने नोटेशनचा कागद लावून वाजवत. जेन्सनला तो चिमटा म्हणजे लंगड्याची काठी वाटायची. मुलींशी बोलतानाही तो असाच. मुलगी समोर आली की छाती पुढे काढून आपण कुठे कुठे वाजवलं त्याची यादी सुरू करायचा. ऐकणारी कंटाळली आहे हे त्याला दिसायचंच नाही, कारण तो तिच्याकडे बघतच नसायचा.

आग्नेस मात्र कंटाळायची नाही. ती त्याच्याच आळीतली, तीन घरं सोडून राहणारी, नर्सिंगचं शिकणारी. त्याची यादी संपेपर्यंत गप्प उभी राहायची आणि शेवटी विचारायची, "झालं? आता पानी पी, घसा सुकला असेल." जेन्सनला राग यायचा आणि घरी गेल्यावर हसूही यायचं, पण ते हसू त्याने तिला कधी दाखवलं नाही. त्याचं तिच्यावर मन होतं. तिचंही असावं असं त्याला वाटायचं, आणि तेवढ्या वाटण्यावरच तो खूश होता.

पुढचं जे घडलं ते जेन्सन कोणाला सांगत नाही. दातांचं सांगतो, स्कूटरचं सांगतो, ड्रमच्या पट्ट्याने पाठीला पडलेल्या वळाचं सांगतो. हे एकच नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आग्नेसच्या थोरल्या बहिणीचं, सुझानचं, लग्न होतं. त्याच दिवशी सकाळी शेजारच्या गावात एक मयत होतं, आणि तिथेही बँड यांचाच. आमच्याकडे बँड दोन्ही घरी जातो. माणसाला मांडवात आणायलाही आणि कबरीपर्यंत पोहोचवायलाही. सकाळी दोन तास मयताचं गाणं वाजवून मंडळी घरी आली, जेवली, कोट बदलले आणि चार वाजता मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. नवरी-नवऱ्याची गाडी वळणावर दिसली. करवलीच्या निळ्या झग्यात आग्नेस समोरच होती आणि चक्क जेन्सनकडे बघत होती. जेन्सनने काय करावं? ट्रम्पेटवरचा कागद चिमट्यातून काढला, चार घड्या घातल्या आणि तिला दिसेल असा खिशात टाकला. मला कागद लागत नाही.

नवरी गाडीतून उतरली. जेन्सनने श्वास भरला आणि बोटांनी सकाळी दोन तास जे केलं होतं तेच केलं. मयताचं गाणं. एखादा सूर नव्हे, अख्खी पहिली ओळ, सुरेख, लांबवून, काळजाला हात घालणारी. आणि बँडची रीत अशी की पुढचा ट्रम्पेट जे उचलेल त्यामागे बाकीच्यांनी जायचं. सगळे गेले. क्लॅरिनेट गेलं, सॅक्सोफोन गेला, ड्रमसुद्धा मयताच्या संथ ठेक्यावर आला. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी सवयीने क्रुसाची खूण केली. एकीने तर डोक्यावर पदर घेतला. दुसरी ओळ सुरू झाल्यावर बँडमास्तरच्या लक्षात आलं आणि त्याने हातातली छडी जेन्सनच्या पाठीत घातली तेव्हा कुठे सगळं थांबलं.

त्या शांततेत आग्नेसचा आवाज आला. "जेन्सन, कोनाला पुरायला नेता रे आमच्या मांडवातून?"

मांडव कोसळतो की काय असं हसणं झालं. नवरी हसली, नवरा हसला, मास्तरसुद्धा हसला. जेन्सनने फक्त हसायचं होतं. दात विचकले असते तरी चाललं असतं, आणि तेव्हा तर ते त्याचे स्वतःचे होते. पण त्याने ट्रम्पेट पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि मांडवातून निघून गेला. लग्न बाकीच्यांनी त्याच्याशिवाय वाजवलं.

तासाभराने पीटर त्याच्या घरी आला. पीटर म्हणजे मास्तरचा मुलगा, जेन्सनचा दोस्त, आता स्वतः बँडमास्तर. आग्नेसने निरोप पाठवला होता, की केक कापून झाला की नाच सुरू होतील, पहिला मी तुझ्यासाठी ठेवलाय, रुसवा सोड आणि ये. जेन्सन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो म्हणाला, "मी काय जोकर आहे का? सांग तिला." पीटर सरळ मनाचा माणूस. त्याने जाऊन तसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी आग्नेस नर्स म्हणून कुवेतला गेली. तिथेच मंगळूरकडच्या एका माणसाशी तिचं लग्न झालं. ही बातमी जेन्सनला वाडीत केळीचा घड उतरवताना कळली, आणि त्याने तो घड अर्धा कापून तसाच सोडला. त्यानंतर तो आग्नेसच्या घरावरून जायचा बंद झाला. चर्चला जायचं तर तीन घरं ओलांडली की झालं, पण हा मागून तळ्याला वळसा घालून जायचा. लोकांना वाटलं, माणसाला सकाळी चालायला आवडतं.

मग बारा वर्षांनी दात गेले. खोट्या दातांवर ट्रम्पेट वाजत नाही. ओठांना मागून आधार लागतो. वर्षभर जेन्सन घराबाहेर पडला नाही. पुढे पीटरने ओढून नेऊन त्याच्या गळ्यात मोठा ड्रम अडकवला. तेव्हा नवे दात अजून बसले नव्हते आणि कोणी काही बोललं की जेन्सन चिडायचा, पण चिडून बोलायला गेला की पुढच्या फटीतून शीळ वाजायची. रागावलेला माणूस शीळ घालतोय म्हटल्यावर बँड हसून लोळायचा. असं आठदहा वेळा झालं आणि अकराव्या वेळी जेन्सनला स्वतःलाच हसू फुटलं. हसून झाल्यावर त्याने अंग चाचपून बघितलं. काही तुटलं नव्हतं. एवढंच होतं तर, असं त्याला वाटलं, आणि लगेच मांडवातलं ते सगळं आठवलं.

या वर्षी जानेवारीत पीटर ऑर्डरची वही घेऊन आला. सुझानची मुलगी मेलिसा हिचं लग्न, त्याच घरी, त्याच अंगणात मांडव. जेन्सन म्हणाला, माझी पाठ धरलीय, ड्रम उचलवणार नाही. पीटर म्हणाला की आग्नेस आली आहे, तीन आठवड्यांच्या रजेवर, नवरा सहा वर्षांपूर्वी वारला, मूलबाळ नाही, आणि लग्नानंतरच्या मंगळवारी परत जाते. जेन्सनने केळीची दोन सुकली पानं ओढून काढली. मग त्याने विचारलं, ड्रमचा पट्टा कोणी शिवून देईल का.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी भरून आणतात. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि पाणी पंपाने येतं, पण कळशा त्याच आणि बँडही लागतोच. त्या रांगेत आग्नेस होती. केस आखूड कापलेले, अर्धे पिकलेले, डोळ्यांवर चष्मा. चाल मात्र तीच, घाई नसलेली. जेन्सनचे दोन ठोके चुकले आणि पीटरने मागे वळून बघितलं.

कळशा भरेपर्यंत बँडला विसावा होता. ती सरळ त्याच्यापाशी आली आणि विचारलं, ड्रम कधीपासून. जेन्सनने रस्त्याला बसलेल्या दातांचा विनोद काढला. हा विनोद गेली दहाबारा वर्षं फुकट गेला नव्हता. आग्नेस हसली, पण पेशंटशी हसतात तसं. मग तिने विचारलं, हिरडीला टाके किती पडले होते, आता दुखतं का. त्याने उत्तर दिलं. ती "बरं" म्हणाली आणि कळशी उचलून गेली.

त्या रात्री जेन्सनला झोप लागली नाही, आणि कारण त्याला पुरतं ठाऊक होतं. आपण स्वतःवर हसतो असं सगळं गाव म्हणतं, पण हसतो ते दातांवर, स्कूटरवर, पाठीच्या वळावर; जिथे दुखत नाही तेवढ्याच जागेवर. जिथे हसायला पाहिजे होतं तिथे अजून कुलूप घालून ठेवलंय. तिला ते एका मिनिटात कळलं असणार. ती मंगळवारी जाणार आणि आपण तळ्याला वळसा घालत राहणार. त्याला तिची फार आठवण आली, तीन घरांपलीकडे ती झोपलेली असताना.

लग्न ठरल्याप्रमाणे लागलं. पीटरने बँडकडून लग्नाचंच वाजवून घेतलं. केक कापून झाल्यावर मेलिसाचे वडील माइकवर बोलायला उभे राहिले. पोरीचं कौतुक केलं, जावयाला दोन टोमणे मारले, आणि आमच्या लग्नात तर बँडने, असं म्हणून एकदम थांबले. त्यांची नजर ड्रमकडे गेली होती. "तर, असो," ते म्हणाले.

मांडवातली सगळी जुनी माणसं ताटात बघू लागली. जेन्सनला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की सत्तावीस वर्षं ही अख्खी आळी त्याच्यासमोर ती गोष्ट सांगायची टाळत आली आहे. हसण्यासारखी एवढी मोठी गोष्ट, आणि त्याचा मान राखायला लोकांनी ती घराघरात गुपचूप सांगितली. त्याला लाज वाटली. त्याने गळ्यातून ड्रम काढला, खुर्चीवर ठेवला आणि पुढे जाऊन माइक मागितला.

"तो मी होतो," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. सकाळचं मयत सांगितलं. कागद खिशात कसा घातला ते घालून दाखवलं, कारण करवली बघत होती आणि मला शहाणपणा दाखवायचा होता. म्हाताऱ्यांनी क्रुसाची खूण कशी केली ते करून दाखवलं. सुझानच्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, की तुम्हीच सांगा, सत्तावीस वर्षांनंतर, गाणं चुकलं होतं का. मांडव पुन्हा तसाच हसला, सुझान सर्वांत मोठ्याने. हसणं ओसरायची त्याने वाट बघितली.

"मला इथेच एक प्रश्न विचारला होता, कोनाला पुरायला नेता म्हणून," तो म्हणाला. या वेळी तो आग्नेसकडेच बघत होता. "तेव्हा मी घरी पळालो. वर निरोप धाडला, मी काय जोकर आहे का. होतो, बाय. आणि उत्तर पन सांगतो. मलाच नेत होतो."

कोणाला हसू आलं, कोणाला नाही. जेन्सनने माइक दिला, मागे जाऊन ड्रम उचलला आणि पट्टा गळ्यात घातला. आग्नेस चष्मा काढून डोळे पुसत होती. ती हसत होती की रडत होती हे त्याला इतक्या लांबून कळेना, आणि बघायचा धीरही होईना.

बँडवाले जेवायला मांडवामागच्या खुर्च्यांवर बसले तेव्हा ती आली. पीटरने ताट उचललं आणि त्याला अचानक लोणचं हवं झालं. आग्नेस त्याच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, मला तुला एक सांगायचंय, मध्ये विनोद करू नकोस. जेन्सनने मान हलवली.

तिचा नवरा कुवेतमध्येच गेला, तिथेच पुरला. ऊन मी म्हणत होतं, माणसं सात. बँड नाही, गाणं नाही, फादरने घाईघाईत प्रार्थना म्हटली. माती टाकताना तिच्या डोक्यात एकदम जेन्सनचा ट्रम्पेट सुरू झाला. तेच गाणं, तसंच लांबवलेलं, आणि त्याच्यामागे निळा झगा, क्रुसाची खूण करणाऱ्या म्हाताऱ्या, पाठीत बसलेली छडी. "मी हसले," ती म्हणाली. "कबरीपाशी उभी राहून. लोकांना वाटलं, डोकं फिरलं बाईचं. जेन्सन, त्या दिवशी मला कोनी जवळ घेणारं नव्हतं. तेवढं एक हसू होतं. ते तुझं होतं."

जेन्सनने हातातला घास परत ताटात ठेवला. ज्या ओळीने आपलं आयुष्य नासलं असं धरून तो बसला होता, ती ओळ इतकी वर्षं परक्या गावात हिच्या सोबतीला होती. आणि आपण ती एकदासुद्धा हिच्यासमोर हसून म्हटली नाही.

"मला तू आवडत होतीस," तो शेवटी म्हणाला. "अजून पन. आता याच्यात विनोद नाही, माझ्याकडे शिल्लकच नाही."

आग्नेसने त्याच्या ताटातला पापड मोडून तोंडात टाकला. पहिला नाच राहिलाय, ती म्हणाली. त्याने ड्रम कोण वाजवणार असं विचारलं, तर ती म्हणाली की नाही वाजवला तर बघू काय होतं. झालं असं, की मोठ्या ड्रमशिवाय बँडचा ठेका दोनदा घसरला, पीटरने वैतागून हवेत हात उडवले, आणि जेन्सन व आग्नेस एकमेकांच्या पायांवर पाय देत अंगणाच्या कडेने तीन गाणी नाचले. जेन्सन नाचतो फार वाईट. त्याने तसं आधीच सांगितलं होतं.

मंगळवारी तो तिला निरोप द्यायला तिच्या घरी गेला, तळ्याला वळसा न घालता. सामान गाडीत चढलं होतं. करार आणखी दोन वर्षांचा आहे, मोडता येणार नाही, असं तिने पुन्हा सांगितलं. दोन वर्षं म्हणजे काय मोठी, असं तो म्हणाला, आणि दोघांनाही त्या वयात ती केवढी असतात हे माहीत होतं. दार लावता लावता ती थांबली.

"माझ्या मयताला तू वाजव," ती म्हणाली. "ट्रम्पेट. आणि कागद खिशात घाल. चुकून लग्नाचं वाजव."

त्याने सांगितलं की त्यासाठी दात लागतील. ती म्हणाली, मग बसवून घे घट्ट, मला घाई नाही. गाडी वळणावरून माणिकपूरच्या रस्त्याला लागली.

हल्ली संध्याकाळी त्या केळीच्या वाडीतून एक आवाज येतो. खोट्या दातांवर ट्रम्पेट वाजवला की जसा यायचा तसाच येतो. शेजारच्यांची म्हैस उठून उभी राहते. लग्नाच्या मार्चची पहिली ओळ असते, तिसऱ्या सुराशी मोडणारी. जेन्सन ती फोनवर भरतो आणि जशी मोडली तशी कुवेतला पाठवतो. पूर्वीचा जेन्सन असता तर नीट बसल्याशिवाय कोणाला ऐकवली नसती. मग तो पायरीवर फोन हातात घेऊन बसतो. तिची ड्यूटी असली तर उत्तराला दोन-दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस त्याला वाडीत करमत नाही. उत्तर येतं ते दरवेळी एकच असतं. आधी बराच वेळ तिचं हसणं ऐकू येतं, आणि मग ती म्हणते, "चुकलास. पुन्हा वाजव."